आत शून्य

पेंट शॉपला आग लागली त्या दुपारी सेफ्टी ऑफिसरनं हातातल्या टॅबकडे बघितलं आणि हातभोंग्यावरून सांगितलं, "सगळे बाहेर आले. टॅली झालंय. आत शून्य." मी त्याच्या शेजारीच उभी होते. पेंट शॉपच्या पत्र्याखालून काळा धूर लोटत होता. मैदानात रांगा करून उभे असलेले कामगार ते ऐकून सैल झाले. काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझी कानशिलं तापतात.

कारण आत एक बाई होती.

आमच्या वाळूजच्या कारखान्यात दुचाकीचे मडगार्ड आणि बाजूची कव्हरं रंगवून निघतात. मी तिथं डेटाचं काम बघायचे. माझं गाव पाचोड. बीएस्सीला शहरात आले, कॉम्प्युटरवर पार्टचे नंबर भरायच्या कामाला लागले आणि होता होता मास्टर डेटाची प्रमुख झाले. म्हणजे कंपनीतल्या प्रत्येक वस्तूची, गिऱ्हाइकाची, माणसाची एकच पक्की नोंद ठेवायची, ज्यावर बाकीच्या सगळ्यांनी विसंबायचं. आता आम्ही हर्सूलला राहतो, तिथं घरी हे काम कुणालाच कळत नाही. आई शेजारणींना सांगते, "कंपनीत नावं लिहायला हाय ती."

आगीच्या आदल्या वर्षी पुण्याच्या हेड ऑफिसनं ठरवलं की आमची चार सॉफ्टवेअर एकमेकांना जोडायची: पगाराचं, खरेदीचं, गेटचं आणि कँटीनचं. जोडायची तर चारही ठिकाणी एका शब्दाचा एकच अर्थ हवा. पुण्याचे आयटीप्रमुख त्याला सिमँटिक मॉडेल म्हणायचे, मी शब्द ठरवणं म्हणायचे. 'तयार माल' म्हणजे रंग वाळलेला की डब्यात भरलेला? 'परत आलेला' म्हणजे गिऱ्हाइकानं परत पाठवलेला की आमच्याच तपासणीत बाद झालेला? उत्पादनवाले आणि विक्रीवाले यावर एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. पण भांडून का होईना, ते शब्द सुटत गेले.

'माणूस' सुटेना.

पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये माणूस म्हणजे कायम कामगार, ज्याला कंपनीचा नंबर आहे. कंत्राटी माणसं तिथं नव्हतीच. गेटवर त्यांचा पास असायचा, पण तो कंत्राटदाराच्या मोबाइलवर निघायचा आणि तिथंच राहायचा. कँटीनला ती फक्त कुपनं होती. खरेदीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती मला सापडली. थिनर, हातमोजे, पुठ्ठ्याचे डबे, आणि त्यांच्याच खाली एक ओळ: 'सेवा, अकुशल, महिला. एकक: नग.'

मी ती ओळ बघून उठले आणि खाली शॉपमध्ये चक्कर मारून आले. बसवेना.

ज्या बाईबद्दल सांगतेय ती त्या नगांपैकी एक. तिला सगळे भाभी म्हणायचे, मीही तेच म्हणते. खुलताबादची. तिचा नवरा दर्ग्याजवळ फुलांच्या चादरी विकतो. ती रोज टेम्पोत दाटीवाटीनं बसून वाळूजला यायची आणि पेंट शॉपच्या मागच्या खोलीत जिग धुवायची. जिग म्हणजे पार्ट टांगायचे लोखंडी सांगाडे. त्यांच्यावर रंगाचे थर चढतात, ते थिनरनं खरवडून काढावे लागतात. मी एकदा तिथल्या नोंदी बघायला गेले होते. वास इतका उग्र होता की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाभी तोंडावरची ओढणी खाली करून हसली.

"मॅडम, तुमी त्या कंप्यूटरवाल्या ना? उसमें मैं कैसी दिखती?"

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. 'नग' हा शब्द तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

पण मीटिंगमध्ये मी तो काढला. मोठ्या पडद्यावर ती ओळ दाखवली आणि म्हणाले, "आपल्या गेटच्या आत रोज जेवढी माणसं असतात, त्यांतली निम्मीशिम्मी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये माणूस म्हणून नाहीत. आग लागली तर आपण मोजणार कुणाला? सेफ्टीच्या टॅबवर पगाराचा डेटा जातो. कंत्राटी लोक त्यात येतच नाहीत."

प्लांटचे मोठे साहेब मोबाइल चाळत होते. खरेदी अधिकारी हसून म्हणाला, "मॅडम आता मराठीचा तास घेणार आपला." सगळे हसले. पुण्याचे आयटीप्रमुख व्हिडिओ कॉलवरून म्हणाले, हा मुद्दा दुसऱ्या टप्प्यात घेऊ, आधी तयार मालाचा डॅशबोर्ड सुरू झाला पाहिजे. तो झालाही. झेंडूच्या माळा लावून, पेढे वाटून झाला. दुसरा टप्पा कधी आलाच नाही.

आग आली.

पेंट शॉपच्या वाळवणीच्या भट्टीत काहीतरी पेटलं. धोक्याचा भोंगा वाजला, आम्ही ऑफिसातून मैदानात आलो. रांगा लागल्या. प्रत्येक रांगेपुढं सुपरवायझर आपली माणसं मोजून टॅबवर खूण करत होता. सगळं शिस्तीत चाललं होतं. मग ती घोषणा झाली. टाळ्या झाल्या.

त्या टाळ्यांमध्येच मला सायकल स्टँडकडून आरडाओरडा ऐकू आला. कंत्राटी बायकांना रांगेत जागा नव्हती. त्यांच्या सुपरवायझरनं त्यांना तिकडं बाजूला उभं केलं होतं. मी गेले तर जिग धुणारी एक बाई छातीवर हात मारून सांगत होती, "भाभी नाय दिसत. भाभी आतच हाय वं ताई! मी केव्हाची सांगू राहिले, कोनी ऐकंना."

"सुपरवायझरला सांगितलं?"

"सांगितलं की. तो म्हनतो, गप उभ्या ऱ्हावा, मोजनी झाली."

मी पळत सेफ्टी ऑफिसरकडे आले. "आत बाई आहे."

"मॅडम, पॅनिक करू नका. टॅली झालंय." त्यानं टॅब माझ्यासमोर धरला. हिरव्या चौकटीत मोठं शून्य होतं.

"हे पगाराचं शून्य आहे. जिग धुण्याच्या खोलीत बाई आहे, मी सांगतेय ना!"

त्यानं विचारलं, "कोणाची?"

मला आधी कळलंच नाही. "कोणाची म्हणजे?"

"म्हणजे कंपनीची, का कंत्राटदाराची?"

आयुष्यात मी कुणावर हात उचललेला नाही. त्या क्षणी उचलला असता. पण हातात त्याचा भोंगा आला. तो मी हिसकावून घेतला आणि ओरडले, "पेंट शॉपच्या मागं, जिग धुण्याच्या खोलीत माणूस आहे! माणूस आहे आत!" माझा आवाज फाटला. मेंटेनन्सचा एक धिप्पाड माणूस अग्निशमन पथकात होता. त्यानं काही विचारलं नाही. तोंडावर मास्क चढवला, एका जोडीदाराला खूण केली आणि दोघं शेडला वळसा घालून पळाले. मागच्या खिडकीची जाळी त्यांनी तोडली. आत शिरले. एमआयडीसीच्या बंबाचा आवाज लांबून येत होता. मी खिडकीकडे बघत उभी होते आणि माझ्या मनात फक्त शिव्या येत होत्या. पाचोडच्या बाजारात ऐकलेल्या, कधी तोंडानं न उच्चारलेल्या.

त्यानं भाभीला खांद्यावर टाकून आणलं. चेहरा काळा, ओढणी जळकी, पण छाती हलत होती.

कंपनीची अॅम्ब्युलन्स तयार होती. तिच्यासाठी नुकतंच नवीन अॅप आलं होतं. त्यात एम्प्लॉयी नंबर टाकल्याशिवाय फेरी उघडायची नाही आणि करार असलेलं हॉस्पिटलही पेशंट घ्यायचं नाही. अटेंडंट मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "नंबर सांगा."

भाभीला नंबरच नव्हता. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, "आमची गाडी बोलावतो, वाळूज फाट्यावरून येईल."

भाभीच्या घशातून घरघर येत होती.

मी माझा नंबर सांगितला. अटेंडंटनं तो टाकला, माझा फोटो उघडला आणि तो माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, हे तर तुम्ही आहात."

"व्हय. मीच भाजलेय. काढ गाडी."

त्यानं गाडी काढली. भला माणूस. त्याला पुढं त्रास झाला, पण तो एका शब्दानं मला बोलला नाही.

मी गाडीत भाभीजवळ बसले. हॉस्पिटलमध्ये ती माझ्या नावानं आत गेली. तासाभरात माझा भाऊ हर्सूलहून घामाघूम होऊन तिथं हजर. अॅपनं घरच्या नंबरावर आपोआप मेसेज धाडला होता की मी अपघातात जखमी आहे. आई घरी रडत बसली होती. भाऊ मला वरून खालून बघून म्हणाला, "तू तर धडधाकट हायेस की! मग हे काय लिहून आलं?" मी त्याला म्हणाले, आईला फोन लाव, आधी तिला सांग. आणि मग भाभीच्या नवऱ्याला फोन लावला. त्याला मात्र कुठल्याच अॅपनं काही कळवलं नव्हतं.

भाभी वाचली. हात भाजले होते ते भरत आले. फुप्फुसं मात्र धुरानं खराब झाली ती झालीच. शुद्धीवर आल्यावर ती बारीक, खरखरीत आवाजात म्हणाली, "मेरेकू तर भोंगाच नई आया ऐकायला. मोटर चालू थी." थोडं थांबून विचारलं, "बाकीच्या निकल्या क्या?"

पुढच्या आठवड्यात मला मेमो मिळाला. मी हेतुपुरस्सर चुकीची माहिती भरून कंपनीचा डेटा दूषित केला, असं त्यात होतं. ज्या बाईला आपण वर्षानुवर्षं पुठ्ठ्याच्या डब्यांखालच्या ओळीत ठेवलं, तिच्याबद्दल कुणाला मेमो नव्हता. 'आत शून्य' म्हणणाऱ्याला नव्हता. दूषित डेटा तेवढा माझा! मी कागद टेबलावर ठेवला आणि तिथंच उत्तर लिहायला घेतलं.

उत्तरात मी एवढंच लिहिलं: 'सदर दिवशी भरलेला नंबर चुकीचा होता. बरोबर नंबर कंपनीनं दिलेला नव्हता.'

मग चौकशीची मीटिंग झाली. तेच टेबल, तेच लोक, यावेळी हसणं नव्हतं. सेफ्टी ऑफिसर सारखा म्हणत होता, "सिस्टीमनं जे दाखवलं ते मी सांगितलं." त्याचा आवाज रडका झाला होता आणि मला त्याची दयाही येत नव्हती. पुण्याच्या आयटीप्रमुखांनी नवीन उपाय मांडला: चेहरा ओळखणारे कॅमेरे आणि प्रत्येक शेडचा रंगीत नकाशा, मोठ्या पडद्यावर.

"कॅमेऱ्यानं चेहरा ओळखला," मी म्हणाले, "तर तो कुठल्या नोंदीशी जोडणार? थिनरच्या खालच्या?"

"मॅडम, टोन," मोठे साहेब म्हणाले.

"माझा टोन राहू द्या साहेब. आधी एक वाक्य लिहा. आपल्या गेटच्या आत असलेली व्यक्ती म्हणजे कोण. ते एक वाक्य चारही सॉफ्टवेअरमध्ये सारखं असू द्या. मग तुम्हाला हवे तेवढे कॅमेरे लावा."

तेव्हा कंपनीचे कायदा सल्लागार पहिल्यांदा बोलले. वयस्कर, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला वाटतं ही चूक आहे. ही चूक नाही. आपण त्यांना व्यक्ती म्हणून आपल्या नोंदीत घेतलं की उद्या कोर्टात त्या आपल्या कामगार ठरतात. म्हणून आपण सेवा विकत घेतो. सेवा नगातच मोजावी लागते."

ते इतक्या सरळ आवाजात म्हणाले की खोलीत कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला मात्र तिथंच सगळं उलगडलं. इतके महिने मी समजत होते की चार खात्यांनी आपापल्या सोयीनं शब्द वापरले म्हणून गोंधळ झाला, आणि मी तो निस्तरतेय. मी शहाणपणानं तक्ते काढत होते, बाणांनी चौकटी जोडत होते. आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. तो शब्द मुद्दाम मोकळा सोडलेला होता. त्या मोकळ्या जागेत भाभी धूर खात पडली होती.

"म्हणजे ती मेली असती," मी विचारलं, "तर आपल्याकडं किती नग कमी झाले असते?"

मोठ्या साहेबांनी चहा मागवला.

कारखाना निरीक्षक येऊन गेल्यावर मात्र हालचाल झाली. मला वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं, 'गेटच्या आत श्वास घेणारी प्रत्येक व्यक्ती.' 'श्वास घेणारी' हे बरं दिसत नाही म्हणून कायदा सल्लागारांनी ते खोडलं. शेवटी ठरलं ते असं: 'गेटच्या आत प्रत्यक्ष हजर असलेली प्रत्येक व्यक्ती, तिला पगार कोणीही देत असो.' खाली तळटीप आली की ही व्याख्या फक्त आपत्तीच्या वेळी मोजणीसाठी आहे, इतर कुठल्याही कामासाठी नाही. म्हणजे आग लागली की माणूस, आग विझली की परत नग. मी त्या तळटिपेवरून दोन मीटिंगा भांडले आणि हरले. पण गेटवर कंत्राटी बायकांचे पास आमच्या सॉफ्टवेअरमधून निघायला लागले, त्यावर नाव आणि फोटो आला. आगीच्या पुढच्या सरावाला त्या रांगेत उभ्या राहिल्या आणि टॅबवर मोजल्या गेल्या. आगीच्या दिवशी माझ्याशी बोललेली ती जिग धुणारी बाई रांगेतून मला हात करत होती. मी हात केला. पण आनंद झाला असं म्हणणार नाही. एवढ्यासाठी एका बाईची फुप्फुसं जाळावी लागली.

त्या नव्या पासांमध्ये भाभीचा पास नव्हता. मी कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, "ती अनफिट आहे मॅडम. आमच्याकडं तिला निष्क्रिय केलंय." मी फोन आपटला आणि रविवारी खुलताबादला गेले.

भाभी ओट्यावर बसून फुलं ओवत होती. चार फुलं झाली की थांबायची, दम घ्यायची. मुलगी चुलीऐवजी गॅसवर स्वयंपाक करत होती, कारण आईला धूर चालत नाही. सरकारी विमा दवाखान्यात ती गेली, तर तिथंही तिचं नाव सापडलं नव्हतं. कंत्राटदार वर्षानुवर्षं सांगत होता की विम्यात नाव घातलंय.

ती माझ्यावरच उखडली. "तुमी तो रोज नावं लिहते ना मॅडम? मेरा एक नाव नई लिहने आया किसीकू?"

मी म्हणाले, "भाभी, कामगार कार्यालयात तक्रार करू. मी साक्षीला येते."

"तुमची नोकरी?"

"तिचं काय करायचं ते कंपनीला बघू दे."

तिच्या नवऱ्याला भीती वाटत होती. भाभीनं त्याच्याकडं न बघताच सुईदोरा खाली ठेवला. "चलो," म्हणाली. "घर बैठके भी खांसनाच है."

तक्रार दिल्यावर महिन्याभरात मला मास्टर डेटावरून काढलं आणि भंगाराच्या नोंदींवर बसवलं. पगार तोच, टेबल गोडाऊनच्या कोपऱ्यात. माझ्याबरोबर जेवणारे लोक वेगळ्या वेळी जेवायला लागले. भावानं सांगून पाहिलं, "कशाला डोक्याला ताप करून घेती?" मी त्याला म्हणाले, ताप आधीपासूनच आहे.

सुनावणीच्या दिवशी कंपनीकडून एक तरुण वकील आला होता. कामगार अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, "घटनेच्या दिवशी ही बाई तुमच्या आवारात काम करत होती का?"

त्यानं कागद चाळले. "आमच्या रेकॉर्डनुसार नाही, सर."

मी उठणार होते. भाभी माझ्या आधी उठली. खोकला आला, टेबलाला धरून उभी राहिली, खोकला संपेपर्यंत सगळे थांबले. मग म्हणाली, "साहब, मैं अंदर नव्हतेच, तो फिर ये धुआं मैंने खुलताबादमें बैठके पिया क्या?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून ठेवला. मला विचारलं, "तुम्ही काय बघितलं?" मी सगळं सांगितलं. भोंगा, सायकल स्टँड, हिरव्या चौकटीतलं शून्य, 'कोणाची' हा प्रश्न, माझा नंबर. तो नंबर मी का दिला तेही सांगितलं, आणि आजही देईन असं म्हणाले. मेंटेनन्सचा तो धिप्पाड माणूसही आला होता. त्यानं दोनच वाक्यं सांगितली: खिडकी आपण तोडली, आणि ही बाई आपण खांद्यावर आणली.

उपचाराच्या बाबतीत भाभीच्या बाजूनं आदेश झाला. कंत्राटदाराला तिची मागची सगळी विमा-नोंदणी करून द्यावी लागली, आणि त्यानं नाही केली तर कंपनीनं करायची असं ठरलं. आता ती घाटी हॉस्पिटलजवळच्या विमा दवाखान्यात दर महिन्याला छाती तपासायला येते, औषधं मिळतात. नोकरीवर परत घेण्याचं प्रकरण अजून लोंबकळत आहे. ती कंपनीची का कंत्राटदाराची यावरच दोन्ही वकील तारखा घेतात, आणि तो शब्द कानावर पडला की माझ्या हाताच्या मुठी आपोआप वळतात.

परवाची तारीखही अशीच पुढं गेली. आम्ही दोघी बाहेर पडलो. उन्हानं रस्ता पांढरा झाला होता. ती झाडाखाली थांबली, दम घेतला, पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी मला दिली. कंपनीचा वकील आपल्या गाडीत बसत होता. भाभी त्याच्याकडं बघत राहिली. मग ओढणी नीट करून मला म्हणाली, "अगली तारीखकू मैं पहली गाडीसे आती. तुमी भी लवकर या. पहिले नंबरकू बैठेंगे."